पावसाळी बागेतील बाके

प्रश्न : ताराबाई पार्कातील आमच्या बागेत बाके ठेवावयाची आहेत. लाकूड घ्यावे की लोखंड? निगा कशी राखावी?

उत्तर : सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या आणि जून ते सप्टेंबर हे ४ महिने ओल सोसणाऱ्या आपल्या कोल्हापुरात, जेथे ओतकामाचे कारखाने हाताशी आहेत, तेथे ओतीव लोखंडाचे पाय व त्यांवर सागवानी फळ्या, हीच रचना मला सर्वथैव श्रेयस्कर वाटते. साग मात्र गाभ्याचाच घ्यावा. त्यातील नैसर्गिक तेल वाळवीस व कुजण्यास प्रतिबंध करते, बाहेरच्या पांढरट लाकडात तो गुण नसतो. व्हार्निशचा मोह टाळावा, कारण ऊन-पावसाने त्याचा पापुद्रा तडकला की पाणी आत शिरून तेथेच कोंडते. त्याऐवजी वैशाखात, लाकूड पूर्ण शुष्क असताना, जवसाच्या तेलात थोडे टर्पेंटाइन मिसळून पातळ हात द्यावा व न मुरलेले तेल पुसून काढावे, अन्यथा त्यावर बुरशी धरते. तेलाचे बोळे चुरगळून ठेवू नयेत, ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवण्याची खबरदारी अवश्य घ्यावी. लोखंडाचा गंज खरवडून रेड ऑक्साइड लावावे, स्क्रू पितळी वापरावेत, आणि पाय मातीत न रोवता फरशीवर टेकवण्याची तजवीज करावी.