शंभर डॉलरची होडी

वाचकहो, नदीवर एकच होडी असली, तर नावाडी मागेल ते भाडे द्यावे लागते. दुसरी होडी आली की भाडे आपोआप उतरते. ही साधी गोष्ट कळावी म्हणून आज आम्ही तुम्हांला अमेरिकेतल्या एका माणसाची हकिकत सांगतो. त्याचे नाव कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट.

स्टेटन नावाचे बेट आता न्यूयॉर्क शहराचाच भाग आहे, तेव्हा ते शहराबाहेर होते. तेथे १७९४ साली तो जन्मला. बाप शेती करी आणि होडीतून माल शहरात नेई. पोराने ११व्या वर्षी शाळा सोडली व बापाच्या हाताखाली काम धरले. १६व्या वर्षी त्याला स्वतःची होडी हवीशी झाली. त्याने आईकडे १०० डॉलर मागितले. डॉलर म्हणजे तिकडचा रुपया. आईने पैसे फुकट दिले नाहीत. आठ एकर खडकाळ जमीन नांगरून पेरून दे, मग देते, असे ती म्हणाली, अशी गोष्ट सांगतात. पोराने काम पुरे केले आणि शिडाची होडी घेतली.

पुढे आगबोटी आल्या. न्यूयॉर्क राज्याने आगबोटींचा मक्ता ठरावीक लोकांनाच दिला होता. गिबन्स नावाच्या मालकाने तो मानला नाही. त्याची बोट व्हँडरबिल्ट चालवी. पकडायला माणसे येत, हा गडी हातावर तुरी देई! अखेर खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बोटींना असा मक्ता अडवू शकत नाही, असा निकाल १८२४ साली लागला. बोटी वाढल्या, भाडी उतरली. गरिबांचाही प्रवास सोपा झाला.

मग त्याने स्वतःच्या बोटी काढल्या. हडसन नदीवर त्याने भाडे इतके कमी केले की बाकीचे मालक मेटाकुटीस आले. त्यांनी त्याला मोठी रक्कम देऊन तो मार्ग सोडायला लावला. त्यानेही पैसे घेतले आणि मार्ग सोडला. यात उतारूंचे हित कोणी पाहिले?

सत्तरीच्या घरात तो आगगाड्यांच्या धंद्यात शिरला. १८६७ सालच्या जानेवारीत दुसऱ्या एका रेल्वे कंपनीशी त्याचा तंटा झाला. तेव्हा त्याने आपल्या गाड्या ऑल्बनी गावाच्या अलीकडे, नदीकाठीच थांबवल्या. कडाक्याच्या थंडीत उतारूंना सामान घेऊन पायी नदी ओलांडावी लागली. कंपनी नमली. त्याच वर्षी ती त्याच्या ताब्यात आली.

पाहा बरे! तरुणपणी ज्याने मक्ता मोडला, त्यानेच म्हातारपणी लोकांची वाट अडवली.

१८७३ सालापासून त्याने एका विद्यापीठासाठी मिळून सुमारे १० लाख डॉलर दिले. स्वतःची शाळा अर्धवट राहिली, पण इतरांच्या शिक्षणाला हात लावला. १८७७ साली तो वारला, तेव्हा त्याची मालमत्ता सुमारे १० कोटी डॉलर होती.

त्याचे कष्ट आणि हिंमत घेण्याजोगी आहेत. पण एकट्याच्या हाती सारी वाट गेली, तर भला माणूसही अडवणूक करतो. म्हणून वाट कोणा एकाची असू नये, असे आम्हांला वाटते.

प्रश्न
१. आईने पैसे फुकट का दिले नसतील?
२. तुमच्या गावात कोणत्या धंद्याचा मक्ता एकाकडेच आहे? त्याने काय होते?