यंत्राचा निर्णय, माणसाची जबाबदारी

कृत्रिम बुद्धिमत्ता ही संज्ञा आता महानगरांपुरती मर्यादित राहिलेली नाही. राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२९’ मंजूर केले. लातूरच्या सोयाबीन उत्पादकास किडीची पूर्वसूचना मिळाली, तर ते स्वागतार्हच होय. परंतु धान्य, निवृत्तिवेतन वा अनुदान कोणास द्यावे, हे जेव्हा यंत्र सुचवू लागते, तेव्हा प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. तो न्यायाचा होतो.

शेजारचा धडा

नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद, बिलोली व देगलूर हे तालुके तेलंगणाच्या सीमेस लागून आहेत. त्या राज्याने ‘समग्र वेदिका’ ही संगणकीय प्रणाली उपयोगात आणली. निरनिराळ्या खात्यांतील नोंदी नाव, पत्ता आदींवरून जुळवून लाभार्थ्याची पात्रता पारखणे, हे तिचे कार्य. २०१४ ते २०१९ या काळात तेथे सुमारे १९ लाख शिधापत्रिका रद्द झाल्या. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याची मोटार गरीब कुटुंबाच्या नावे धरली गेल्याचेही उघडकीस आले. अखेर एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शिधापत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा आदेश दिला.

प्रगत देशही यातून सुटलेले नाहीत. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या प्रकरणी हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका आला. संशयितांची निवड करण्यात संगणकीय प्रणालीचाही हात होता. जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळास राजीनामा द्यावा लागला.

चूक कोठे होते?

यंत्र नोंदींतील साम्य मोजते. माणूस ओळखत नाही. नांदेड व लातूरचा प्रदेश १९४८ पर्यंत निझामाच्या राजवटीत होता. त्यामुळे जुन्या दप्तरात उर्दू नोंदी आढळतात, नंतरच्या मराठीत आहेत, तर संगणकावर तेच नाव अनेकदा इंग्रजी अक्षरांत चढते. प्रत्येक लिप्यंतरात एखादे अक्षर बदलते. किनवट, माहूरच्या तांड्यांत राठोड, चव्हाण, जाधव ही आडनावे घरोघरी आहेत. विवाहानंतर स्त्रीचे नाव बदलते. परिणामी दोन व्यक्ती एक ठरू शकतात, अथवा एकाच व्यक्तीच्या दोन होऊ शकतात. कारकुनाच्या चुकीचा फटका एखाद्या घरास बसतो. यंत्रातील सदोष नियमाचा फटका एकाच वेळी हजारो घरांस बसतो. शिवाय ‘संगणकाने नाकारले’ या उत्तरापुढे दाद मागावी कोणाकडे?

आपले कर्तव्य

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा नाकारताना कारणे लेखी कळवावी लागतात आणि नागरिकास अपिलाचा हक्क आहे. हेच तत्त्व येथेही पाळले जावे. यंत्राचा निष्कर्ष हा संशय मानावा, निवाडा नव्हे. लाभ बंद करण्यापूर्वी सुबोध मराठीत नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि गृहभेट, या तीन पायऱ्या अधिकाऱ्यांनी टाळू नयेत. पंचायत सदस्यांनी आपल्या प्रभागात कोणाचा लाभ अकस्मात थांबला, याची विचारपूस करावी. शिक्षकांनी नोटीस वाचून दाखविण्यास व अर्ज लिहून देण्यास साहाय्य करावे. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबाच्या दारास कुलूप असते, याचा अर्थ ते कुटुंब अस्तित्वात नाही, असा होत नाही. हे गावाला ठाऊक असते, यंत्राला नाही. म्हणूनच आदेशावर स्वाक्षरी करणाऱ्याने गावास विचारल्यावाचून लेखणी उचलू नये.