घटक ४ : नाव आणि कर्ता

४.१ प्रास्ताविक

पोथीच्या अखेरीस किंवा अभंगाच्या शेवटच्या चरणात एखादे नाव आढळले, म्हणजे ती रचना त्याच व्यक्तीची ठरते का? या घटकाच्या अभ्यासानंतर नाव हा कर्तृत्वाचा केवळ एक पुरावा कसा असतो, हे तुम्हाला सांगता येईल. तसेच पुराव्याचे बळ तोलून मत मांडता येईल. त्यासाठी दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांच्या संशोधनाचे उदाहरण घेऊ.

४.२ गणिताच्या क्षेत्रातील नावे

कोसंबींचा जन्म गोव्यातला. पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय व पुढे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथे त्यांनी काम केले. लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःच हळूहळू कशी फिरते, या गणिती भौतिकीतील प्रश्नावर त्यांचा निबंध १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. लगेच पुढील निबंधात त्यांनी 'डी. बूर्बाकी' नावाच्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला दिला. असा गणितज्ञ मुळी नव्हताच; ती एक विद्वत्तापूर्ण थट्टा होती. काही वर्षांनी फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका गटाने 'निकोला बूर्बाकी' या सामूहिक नावाने ग्रंथलेखन सुरू केले. येथे नाव आहे, पण त्या नावाची व्यक्ती नाही.

याच्या उलट घटनाही घडते. १९४३ मध्ये कोसंबींनी संख्याशास्त्रात मांडलेली एक पद्धत आज कारहुनेन आणि लोएव्ह या, नंतर लिहिणाऱ्या दोघांच्या नावाने सहसा ओळखली जाते. येथे कर्ता आहे, पण त्याचे नाव नाही.

४.३ भर्तृहरीची सुभाषिते

नीती, शृंगार व वैराग्य ही तीन शतके भर्तृहरीच्या नावे प्रसिद्ध आहेत. तीन शतके म्हणजे सुमारे तीनशे श्लोक असावेत. परंतु निरनिराळ्या पोथ्यांतील सर्व श्लोक एकत्र केले, तर त्यांची संख्या कितीतरी अधिक भरते. कोसंबींनी शेकडो हस्तलिखिते पडताळून १९४८ मध्ये जी आवृत्ती सिद्ध केली, तीत श्लोकांचे तीन गट आहेत. सर्व पाठपरंपरांत सामान्यतः आढळणारे २०० श्लोक पहिल्या गटात, काही परंपरांतच आढळणारे १५२ दुसऱ्या गटात, आणि तुरळक पोथ्यांतून आलेले ५०० तिसऱ्या गटात.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, पोथ्यांची नुसती संख्या निर्णायक नसते. एकाच पोथीवरून पन्नास नकला झाल्या असतील, तर त्या पन्नास साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष होय. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या परंपरांची एकवाक्यता महत्त्वाची. दुसरी, पहिल्या गटातील श्लोक सर्वांत जुन्या संग्रहात असावेत, एवढेच या पद्धतीने दाखविता येते. ते भर्तृहरीनेच रचले, हे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणूनच कोसंबींनी ग्रंथाच्या इंग्रजी शीर्षकात ही सुभाषिते 'भर्तृहरीची' न म्हणता 'भर्तृहरीच्या नावे सांगितली जाणारी' असे म्हटले. पुरावा जेथे संपतो, तेथे विधानही थांबले पाहिजे.

४.४ मराठीतील प्रश्न

संत नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचे अभंग मिसळलेले आहेत, कारण नाममुद्रा सारखीच. अशा वेळी भाषेची रूपे, उल्लेखिलेल्या घटना आणि पोथ्यांची परंपरा यांची एकत्रित साक्ष काढावी लागते. भक्तीने सारेच अभंग एका नावावर घातले, तर एका संताची थोरवी वाढत नाही. दुसरा कवी मात्र नाहीसा होतो.

४.५ उपक्रम

समजा, तुम्ही पोलादपूर तालुक्यातील कुडपण येथे राहता. गावातील भजनाच्या दोन वह्या मिळवा. तिसरी, नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या एखाद्या गावकऱ्याकडून मागवा. एकच पद तिन्हींत पाहून शब्द, चरणांचा क्रम व नाममुद्रा यांतील फरक नोंदवा. कोणती वही कोणत्या वहीवरून उतरविली, हे आधी विचारा. मगच साक्षी मोजा. शेजारच्या आजींकडून जात्यावरच्या ओव्याही उतरवून घ्या. ओवीला नाव नसेल, तर आपल्या मनाने ते घालू नका. कोणाकडून, कोठे व केव्हा ऐकली, एवढे लिहा. तसे लिहिले, तर ज्या बाईने ती ओवी रचली तिची जागा निदान मोकळी तरी राहील.

४.६ सारांश

नाव असून व्यक्ती नसणे, व्यक्ती असून नाव नसणे आणि एका नावामागे अनेक कवी असणे, असे तिन्ही प्रकार संभवतात. कर्तृत्वनिश्चिती स्वतंत्र साक्षींच्या आधारे होते, आणि तिचा निष्कर्ष बहुधा संभाव्यतेच्या भाषेतच मांडावा लागतो.

स्वयंअध्ययन प्रश्न

१. पन्नास नकला ही एकच साक्ष केव्हा ठरते?
२. 'जुना श्लोक' आणि 'भर्तृहरीचा श्लोक' यांतील भेद स्पष्ट करा.
३. नाममुद्रेच्या पुराव्याच्या मर्यादा सोदाहरण लिहा.