अडकलेला नळ सोडवायला किती खर्च येतो?

भोर तालुक्यातल्या हिर्डोशीसारख्या गावात न्हाणीघरातला नळ अडकतो तो पुष्कळदा न वापरल्यामुळे. माणसं कामाला पुण्या-मुंबईत, घर उघडतं ते गणपतीला नाहीतर जत्रेला. मधल्या काळात नळात क्षार धरतात, पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याचा गाळ बसतो आणि स्पिंडलचे, म्हणजे मुठीखाली फिरणाऱ्या दांड्याचे, आटे गच्च होतात. प्लंबर भोरहून बोलवायचा तर मजुरीचे दोनशे ते पाचशे रुपये आणि वर येण्याजाण्याचा खर्च. सामान मात्र बहुतेक वेळा शंभराच्या आत भागतं, म्हणून आधी स्वतः करून बघणं फायद्याचं.

सुरुवात टाकीखालचा कॉक बंद करण्यापासून. तोही अडकला असेल तर जोर न लावता टाकी रिकामी करा. मूठ काढा, स्पिंडलभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं वीसेक मिनिटं गुंडाळून ठेवा. पांढरा थर दिसला तर फडकं व्हिनेगरमध्ये भिजवा, पण नंतर धुऊन टाका, नाहीतर नळाची चकाकी जाते. गंज असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारा. खोबरेल तेल घालू नका. थंडीत ते गोठतं आणि नळ पुन्हा जड होतो.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते पाना फिरवताना. एका पकडीनं नळाचं अंग घट्ट धरा आणि दुसऱ्या पान्यानं नट सोडवा. नळ तसाच पिळला तर सगळा पीळ भिंतीतल्या पाइपावर जातो. तिथला एल्बो तडकला की टाइल फोडणं, नवा जोड, गिलावा असं काम वाढून दोन-तीन हजारांच्या घरात जातं. पकडीखाली जुनं कापड ठेवा म्हणजे ओरखडे पडत नाहीत. बेताच्या जोरानं नट हलला नाही, तर तिथंच थांबा आणि माणूस बोलवा. हे पैसे वाया जात नाहीत.

स्पिंडल निघाल्यावर भाव साधारण असे: वायसर पाच-दहा रुपये, टेफ्लॉन टेप पंधरा-पंचवीस, साधा स्पिंडल साठ ते दीडशे. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळाचा सिरॅमिक गाभा दीडशे ते साडेतीनशे. दुकानात जाताना जुना भाग सोबत न्याच. दाते आणि लांबी कंपनीगणिक वेगळी असते आणि चुकीच्या भागासाठी भोरची दुसरी खेप पडते. आटे झिजले असतील किंवा नळाच्या अंगालाच चीर असेल तर दुरुस्तीवर खर्च करू नका. प्लास्टिकचा नवा नळ शंभर-दोनशेत, पितळी चारशे ते नऊशेत मिळतो. बंद राहणाऱ्या घराला माझ्या मते पितळीच घ्यावा. टेप नळाच्या आट्यांवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळावी, म्हणजे नळ बसवताना ती उलगडत नाही.

घर बंद करून जाताना टाकीचा कॉक बंद करून नळ उघडे ठेवा, आतलं पाणी निघून जाऊ द्या. जे घरी राहतात त्यांनी महिन्यातून एकदा प्रत्येक नळ पूर्ण उघडून बंद करावा.

नळ घेताना पक्कं बिल मागा. बऱ्याच कंपन्या पितळी नळांवर काही वर्षांची हमी देतात, पण बिलाशिवाय ती मिळवणं अवघड. छापील किमतीत कर धरलेला असतो, त्यावर वेगळा जीएसटी द्यायचा नाही. दुकानदारानं तो मागितला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करा.