व्यसनमुक्तीचें एक घर

शाळा सुटल्याची घंटा झाली कीं तुम्ही दप्तर उचलून धूम ठोकतां. परंतु एखाद्या वर्गांत असाही मुलगा असतो, कीं जो घंटेनंतर रेंगाळतो; फळा पुसतो, बाकें सरळ करितो आणि घरीं जाणें लांबवितो. त्याच्या वडिलांची संध्याकाळ कोठें जाते हें साऱ्या आळीस ठाऊक असतें. तो मात्र "बाबांस बरें नाहीं" एवढेंच सांगतो. आम्हांस ती थाप वाटते. वस्तुतः तें खरें आहे.

दारू रोज पोटांत जाऊं लागली म्हणजे मेंदू तिच्याशीं जुळवून घेतो. पूर्वींच्या मापानें गुंगी येईनाशी होते, म्हणून माप वाढतें. आणि कांहीं तास ती न मिळाल्यास हात कांपतात, घाम सुटतो, झोंप उडते. फार दिवस फार पिणाऱ्यानें ती एकाएकीं सोडिली तर झटके येण्याचा व भ्रम होण्याचाही धोका असतो. म्हणून अशा माणसास खोलींत कोंडून "आतां पाहूं कसा पितो तें" म्हणणारे नातलग, हेतु चांगला असूनही, त्याच्या जिवाशीं खेळतात. येथें पहिलें काम डॉक्टराचें आहे. 1949 सालीं मुंबई प्रांतांत दारूबंदीचा कायदा झाला खरा. पण कायदा गुत्त्यास कुलूप लावूं शकतो, तलफेस नव्हे. आमच्या बारामती-इंदापुराकडे तर ऊंस व गूळ यांस तोटा नाहीं, तेव्हां चोरट्या भट्टीविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

मग उपाय कोणता? पुण्यास येरवडा येथील मनोरुग्णालयाच्या आवारांत 29 ऑगस्ट 1986 रोजीं ‘मुक्तांगण’ हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू झालें. डॉ. अनिता अवचट या त्या रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पति, लेखक डॉ. अनिल अवचट, यांनीं त्या सुमारास तरुणांत शिरलेल्या गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले, आणि त्यांनीं एक लाख रुपये देऊं केले. पुढें केंद्रास स्वतःची इमारत झाली. अनिताबाई 1997 सालीं निवर्तल्या. त्यांच्यामागें त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनीं हें काम पुढें नेलें.

या घराची रीत पाहण्यासारखी आहे. मुक्काम साधारण 35 दिवसांचा. आरंभीं औषधोपचार, नंतर व्यायाम, समूहांतील चर्चा, समुपदेशन आणि नेमून दिलेलीं कामें. रुग्णावर हात उगारायचा नाहीं, त्याचा पाणउतारा करायचा नाहीं, हा तेथील पाया होय. पुष्कळांस हा भाबडेपणा वाटेल. परंतु मार व अपमान त्यानें घरीं व चावडीवर यथेच्छ भोगलेले असतात, आणि त्यांनीं तो सुधारला असता तर तेथें आलाच नसता! आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तेथील पुष्कळ कार्यकर्ते स्वतः एके काळचे व्यसनी आहेत. रुग्णाच्या सबबी त्यांना तोंडपाठ असतात, त्यामुळें त्यांस फसविणें कठीण, आणि त्यांचा तिरस्कार वाटणें त्याहून कठीण. अमेरिकेंत 1935 सालीं एक शेअरदलाल व एक शस्त्रवैद्य असे दोघे दारुडे एकमेकांस सांभाळूं लागले, आणि त्यांतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ निघाली. हें तत्त्व तिचेंच. जन्मभराची शपथ घ्यावयाची नाहीं, फक्त आजचा दिवस घ्यावयाचा नाहीं, हेंही तिकडचेंच. पत्नींसाठीं ‘सहचरी’ नांवाचा गट आहे, कारण आजार एकाचा असला तरी तापतें सारें घर. व्यसनाधीन स्त्रियांसाठीं ‘निशिगंध’ हा विभाग निराळा.

पालक विचारतात, "पण परत पिणार नाहीं याची हमी काय?" हमी नाहीं. मधुमेहाप्रमाणें हा आजारही आटोक्यांत ठेवावा लागतो. कित्येक जण पुन्हां घसरतात व पुन्हां उपचार घेतात. एवढ्यावरून पहिले महिने फुकट गेले असें समजूं नये. आणि मुलांनो, वडील पितात तें तुमच्या गुणांमुळें वा खोड्यांमुळें नव्हे. बाटली लपवून वा ओतून तुम्हांस तें थांबवितांही येणार नाहीं. विश्वासाच्या एका मोठ्या माणसास मात्र सांगावें.

फळा पुसणाऱ्या त्या मुलास आम्ही शिक्षक आजवर "अंधार पडेल, घरीं जा" एवढेंच म्हणत आलों. पुणें येथून एका दिवसांत जाऊन येण्याजोगें आहे. त्याच्या आईस एकटीनें चौकशीस जाण्याचा संकोच वाटत असेल, तर आमच्यापैकीं कोणीं तरी सोबत जावें.