होडीचे दोन पट्टे

सावरगावात होडीचा पाठ कशाला, असे आमच्या ट्रस्टचे सभासद विचारतील, आणि त्यांचे विचारणे वावगे नाही. आमची जाम नदी पावसाळ्यात दुथडी वाहते आणि उन्हाळ्यात गोट्यांत लपते. परंतु तलावांवर व धरणांच्या पाण्यावर आपल्याकडील माणसे मासे धरतात, सणावारी मुलाबाळांसह नावेत बसतात. म्हणून गेल्या उन्हाळ्यात वरच्या वर्गातील मुलांना घेऊन आम्ही एका मच्छीमाराच्या जुन्या फायबरच्या होडीचे विटलेले पट्टे बदलले. त्या कामात जे शिकलो ते येथे क्रमाने देतो.

प्रथम पट्टे का विटतात ते पाहू. उन्हातील अतिनील किरण रंगद्रव्याचे कण हळूहळू मोडतात. झगझगीत तांबडे व पिवळे रंग बहुधा आधी जातात. काजळीचा काळा रंग मात्र पुष्कळ टिकतो. भिंतीवरचा गेरू वर्षानुवर्षे तांबडा राहतो, कारण तो लोखंडाचा गंज आहे आणि उन्हाला तो दाद देत नाही.

जुना चिकटपट्टा काढताना घाई करू नये. उन्हाने किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने तो कोमट करावा आणि एका टोकाने, पृष्ठभागालगत मागे दुमडून, सावकाश ओढावा. लोखंडी सुरी वापरू नये, प्लॅस्टिकची पट्टी पुरे. उरलेला डिंक थोड्या रॉकेलने पुसावा, आणि मग साबणाच्या पाण्याने रॉकेलही धुऊन काढावे. तेलकट अंगावर नवा पट्टा धरत नाही. पट्ट्याखालचा रंग उन्हापासून वाचलेला असतो, त्यामुळे तेथे जुन्या पट्ट्याची सावली दिसते. ती पॉलिशने घासावी, नाहीतर नवा पट्टा बोटभर रुंद घ्यावा.

नवा पट्टा भर दुपारी लावू नये. पृष्ठभागावर साबणाचे दोन थेंब टाकलेले पाणी शिंपडावे, म्हणजे पट्टा सरकवून जागेवर आणता येतो. मग मधून कडेकडे पाणी निपटावे. बुडबुडा राहिल्यास सुईने टोचावा. जोड असेल तेथे पुढचा तुकडा मागच्यावर चढवावा. आपण कवेलू शाकारतो तेव्हा वरचे खालच्यावर येते, तोच न्याय येथे. जोड उलटा पडला तर धावते पाणी त्याची कड उचलते. पाण्याखाली राहणाऱ्या भागावर चिकटपट्टा न लावता रंगच द्यावा.

आता आमची चूक सांगतो. शोभेचा पट्टा काठापासून सारखे अंतर मोजून आखला, तो सुरेख वळला. त्याच मापाने आम्ही खालची पाण्याची रेघही आखली. होडी पाण्यात सोडली तेव्हा ती रेघ टोकाकडे पाण्यावर चढलेली आणि मध्यभागी बुडालेली! एक हुशार मुलगा म्हणाला, "सर, काठ पुढे उचललेला आहे, पाणी थोडेच उचललेले असते?" मुलाने आम्हाला शिकविले. वरचा पट्टा होडीचा असतो, खालचा पाण्याचा.

तेव्हा रीत बदलली. शांत पाण्यात रिकामी होडी ठेवून दोन्ही बाजूंस, टोकांना व मध्ये, पाणी पोहोचले तेथे खुणा केल्या. होडी वर आणून त्या सर्व खुणा एका पातळीत येतील अशी टेकविली. मग गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीने वीत-वीत अंतरावर ठिपके घेतले आणि ते जोडले. रेघ बरोबर आली.

तिच्यावरची दुसरी रेघ भाराची. इंग्लंडात सॅम्युएल प्लिम्सॉल यांच्या खटपटीमुळे १८७६ साली जहाजांवर अशी खूण ठेवणे कायद्याने आवश्यक झाले. तिचे गणित शाळेतलेच आहे. पाण्याच्या पातळीत होडीचे क्षेत्र ४ चौरस मीटर धरले, तर १ सेंटिमीटर खाली जाण्यास ४० लिटर पाणी बाजूस सारले जाते, म्हणजे ४० किलो भार. ६० किलोचा माणूस होडीला दीड सेंटिमीटर बुडवतो. दहा माणसे १५ सेंटिमीटर. किती माणसे घ्यावीत हे बांधणाऱ्याने होडीवर लिहिलेले असते, तोच आकडा धरावा. तेवढ्या वजनाचे पाण्याचे डबे सारखे पसरून मांडावे आणि पूर्वीप्रमाणेच खुणा करून रेघ ओढावी. रेघ असली तरी कोणी उभे राहू नये, सारे एका बाजूस जाऊ नयेत.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्या शेजारच्या वरूड तालुक्यात, झुंज येथे, वर्धा नदीत होडी उलटून ११ जण बुडाले. ते गाव आपल्यापासून दूर नाही, आणि त्या दिवशीची हळहळ आपल्याही घरांत झाली होती.

शोभेचा पट्टा विटला तर होडी जुनी दिसते, एवढेच. भाराची रेघ पुसली तर नावाड्याचा आधार जातो. घाटावर गर्दी असते, ओळखीची माणसे आर्जव करतात, "आम्ही दोघेच तर आहोत." गरीब नावाड्याला नाही म्हणणे जड जाते. रेघ ठळक असली म्हणजे तो तिच्याकडे बोट दाखवू शकतो. आमच्या मुलांनी ती रेघ पांढऱ्या रंगाने तीन बोटे रुंद काढली आहे. बसण्यापूर्वी ती पाहावी आणि ती पाण्याखाली गेली असेल तर आपणच उतरावे, एवढाच या पाठाचा गृहपाठ.