‘डुलणे’ : अर्थ आणि उपयोग

सुरत शहराचा मराठी व गुजराती या दोन्ही भाषांच्या अभ्यासाशी जुना संबंध आहे. १८३६ मध्ये मराठी व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेत अध्यापक होते. १८४४ मध्ये तेथे स्थापन झालेल्या मानवधर्म सभेतही ते अग्रणी होते. ‘नर्मकोश’कार कवी नर्मद तर सुरतेचेच. कापडउद्योगाच्या निमित्ताने खानदेशातून गेलेली अनेक मराठी कुटुंबे आज तेथे राहतात. अशा शेजारात सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा अर्थ नीट पारखून घ्यावा लागतो.

‘डुलणे’ हे अकर्मक क्रियापद असून त्याचे प्रयोजक रूप ‘डुलविणे’ असे होते. लयीने या बाजूस व त्या बाजूस हलणे, हा त्याचा मूळ अर्थ. वाऱ्यावर पीक डुलते; हत्ती डुलत चालतो. माणसाच्या चालीस हे क्रियापद लावले असता ऐट, संथपणा किंवा आनंद सूचित होतो. तोल गेल्याचा अर्थ त्यात मुळात नाही. तोल जात असल्यास ‘झोकांड्या खाणे’, अशक्तपणाने वा भीतीने पाय थरथरत असल्यास ‘लटपटणे’ आणि नखऱ्याने चालल्यास ‘ठुमकणे’ हे शब्द योग्य होत. मद्यप्यास ‘डुलत आला’ असे म्हणतात ते उपरोधाने. गुजरातीतील ‘डोलवुं’ मात्र आनंदाने झुलणे व डळमळणे या दोन्ही अर्थांनी येते. झोकांड्यांसाठी तेथे ‘लथडियां खावां’ हा प्रयोग आहे.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० नंतर महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांत चालू राहिला. अशा प्रकरणांत पंचनाम्यातील चालीच्या वर्णनास महत्त्व येते. दिवसभर यंत्रमागावर उभा राहून लटपटत घरी निघालेल्या कामगाराची चाल ‘झोकांड्या खात’ अशी नोंदली गेली, तर निर्दोष माणूसही संशयास पात्र ठरेल. तोंडाचा वास, अस्थिर चाल, असंबद्ध बोलणे व विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यपान सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातील एका खटल्यात म्हटले आहे.

म्हणून नोंद करणाऱ्याने, तसेच भाषांतर करणाऱ्याने, प्रथम दिसले ते लिहावे : पाऊल कसे पडत होते, आधार घेतला की नाही, तोल गेला की नाही. क्रियापद त्यानंतर निवडावे.